गाडीचा सल्ला : थ्रॉटल सेन्सर बदलण्यापूर्वी मोजून पाहा

प्रश्न : माझ्याकडे २००५ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार आहे. पहिल्यापासून ती मीच चालवत आलो असून आजवर ९२ हजार किलोमीटर झाले आहेत. मी साताऱ्यात राहतो आणि दर आठवड्याला यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेवरील आमच्या गावी जातो. गेल्या दिवाळीपासून घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर थोडासाच दाबलेला असताना, गाडी क्षणभर दम सोडते आणि पुन्हा धावू लागते. पूर्ण दाबला तर मात्र ती नीट ओढते. घाट उतरताना पाय उचलला की झटके खाते. पोवई नाक्यावर थांबावे लागले की इंजिनचा आवाज आपोआप वर-खाली होतो. चेक लाइट कधी लागतो, कधी दोन-दोन दिवस लागत नाही. एका गॅरेजमध्ये पूर्ण थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितली आहे, तर दुसऱ्या मिस्त्रींनी थ्रॉटल सेन्सर उघडून थोडक्या पैशांत दुरुस्त करून देतो असे म्हटले आहे. मी काय करावे? यातले काही मला घरी करता येईल का?
(एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : सेन्सर सदोष असेल तर तो बदलावा, उघडून दुरुस्त करू नये, आणि आपल्या गाडीसाठी पूर्ण थ्रॉटल बॉडी घेण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र हे दोन्ही ठरवण्याआधी सेन्सर मोजून पाहायला हवा. हे मोजमाप साध्या मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरने, अर्ध्या तासात होते, आणि आपण पत्रात लक्षणे ज्या बारकाईने टिपली आहेत ती पाहता ते आपल्याला घरी निश्चित जमेल.

आधी हा सेन्सर काय करतो ते सांगतो, कारण आपली तिन्ही लक्षणे त्यातूनच उलगडतात. आपल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरची केबल थ्रॉटल बॉडीतील गोल चकती फिरवते आणि ती चकती इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करते. त्या चकतीच्या दांड्याच्या एका टोकाला हा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या आत कार्बनचा एक पातळ पट्टा असतो आणि त्यावरून धातूची एक बारीक पाती सरकते. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणात असते तीच ही रचना आहे. असे बटण जुने झाले की एका ठरावीक जागी खरखरते आणि पुढे सरकवले की आवाज पुन्हा स्वच्छ येतो, हे आपण अनुभवले असेल. थ्रॉटल सेन्सरचेही तसेच होते. गाडीचे बहुतेक आयुष्य अ‍ॅक्सिलरेटर थोडासा दाबलेल्या अवस्थेत जात असल्यामुळे पट्ट्याचा सुरुवातीचा पाव भाग सर्वाधिक झिजतो, आणि पाती त्या जागेवरून जाताना संपर्क क्षणभर तुटतो. इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे इसीएमला, त्या क्षणी चालकाने पाय एकदम उचलला असे वाटते आणि तो पेट्रोल कमी करतो. घाट चढताना गाडी जो दम सोडते तो बहुधा हाच क्षण असावा.

उतरतानाचे झटके हे त्याहूनही बोलके लक्षण आहे. पाय पूर्ण उचललेला असून इंजिनचे फेरे अजून जास्त असतील, तर इसीएम पेट्रोल पूर्ण बंद करतो आणि गाडी इंजिनच्या रेट्याने मंदावत उतरते. त्यासाठी चकती मिटली आहे ही खबर इसीएमला थ्रॉटल सेन्सरकडूनच मिळावी लागते. सेन्सर ‘मिटली’ आणि ‘उघडली’ असे आळीपाळीने सांगू लागला, तर पेट्रोल बंद-चालू होत राहते आणि प्रवाशांच्या माना हलतील असे झटके बसतात. थांबलेल्या गाडीचा आवाज वर-खाली होण्याचे कारणही पुष्कळदा हेच असते. मात्र केवळ त्या एका लक्षणावरून सेन्सरला दोष देऊ नये. आयडलिंग, म्हणजे गाडी थांबलेली असताना इंजिनचे संथ चालणे, सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये काजळी साचणे किंवा व्हॅक्यूमचा एखादा रबरी पाइप तडकून त्यातून हवा शिरणे या दोषांतही आवाज तसाच हलतो.

पूर्ण दाबल्यावर गाडी नीट ओढते, हे आपण लिहिले ते फार उपयोगी आहे. इंजिनला पेट्रोल पोहोचवणारा पंप अशक्त झाला असता किंवा इग्निशन कॉइल बिघडत चालली असती, तर जास्त ताकद मागितल्यावर गाडी अधिक अडखळली असती. आपल्या गाडीचे उलट आहे. दोष पेडलच्या एका विशिष्ट जागेवर आहे आणि ती जागा ओलांडली की तो जातो. गॅरेजमध्ये गाडी दाखवताना हे वाक्य सर्वांत आधी सांगावे.

आता मोजण्याविषयी. सेन्सरला तीन वायरी येतात. एकीवर इसीएमकडून स्थिर ५ व्होल्टचा पुरवठा येतो, दुसरी अर्थिंगची असते आणि तिसरी सिग्नलची. वायरींच्या रंगांवर विसंबू नये, कारण ते प्रत्येक गाडीत वेगळे असतात. इंजिन बंद ठेवून चावी ‘ऑन’ करावी आणि कपलर, म्हणजे वायरी सेन्सरला जोडणारा प्लग, जोडलेलाच ठेवून त्याच्या मागील बाजूने, वायरीच्या रबरी बुचाला लागून, शिंप्याकडील बारीक टाचणी आत सरकवावी. वायरीला टोचून भोक पाडू नये, कारण पुढच्या पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरते. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला धरावी आणि लाल वायर एकेका टाचणीला लावावी. एका टाचणीवर ५ व्होल्टच्या आसपास, दुसरीवर जवळजवळ शून्य आणि तिसरीवर साधारण अर्धा व्होल्ट दिसेल. ही तिसरी सिग्नलची. आता घरातील कोणाला तरी चालकाच्या जागेवर बसवून अ‍ॅक्सिलरेटर अगदी सावकाश, दहा-बारा सेकंद घेऊन, तळापर्यंत दाबायला सांगावे. निरोगी सेन्सरचा आकडा अर्ध्या व्होल्टपासून न अडखळता वर चढत साडेचारच्या आसपास पोहोचतो आणि पाय उचलताना तसाच एकसंध खाली येतो. नेमके आकडे गाडीगणिक थोडे बदलतात. महत्त्व आहे ते चढ सलग असण्याला.

या कामासाठी शक्य असल्यास काट्याचा मीटर वापरावा, अशी माझी शिफारस आहे. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो आणि संपर्क त्याहून कमी वेळ तुटला तर तो निसटून जातो. काटा मात्र उडी मारतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीच्या मालकांनी इतर ठिकाणी दोनदा सेन्सर ‘ओके’ असल्याचे ऐकले होते. काट्याचा मीटर लावून मी बॉनेटखालून चकती हाताने फिरवू लागलो, तेव्हा काटा पाऊण व्होल्टपर्यंत शांत चढला, तिथे एकदम शून्याकडे आपटला आणि मी बोट केसभर पुढे नेताच परत जागेवर आला. तीन वेळा फिरवले आणि तिन्ही वेळा तो त्याच जागी पडला. इंजिन गार असताना दोष दिसला नाही तर घाटातून परतल्यावर, इंजिन गरम असताना पुन्हा मोजावे आणि मोजताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरवर हलकेच ठोकून पाहावे. आपला चेक लाइट कधी लागतो आणि कधी लागत नाही, त्यावरून दोष अजून पूर्ण पक्का झालेला नाही असे दिसते, आणि असे दोष गरम इंजिनात लवकर सापडतात.

सेन्सर उघडून दुरुस्त करण्याविषयी स्पष्ट लिहितो. आतील पाती किंचित वाकवून ती पट्ट्याच्या न झिजलेल्या भागावरून सरकेल अशी करायची, ही युक्ती कुशल मिस्त्रींना साधते आणि तिने काही महिने निघतातही. पण हा सेन्सर कारखान्यात बंद करून आलेला असतो. तो उघडून पुन्हा चिकटवल्यावर पहिल्यासारखा बंद होत नाही, आणि कासच्या बाजूला चार महिने जो पाऊस आणि धुके असते त्यात ओल आत शिरतेच. घाटातल्या वळणावर समोरून एस.टी. येत असताना गाडीने दम सोडावा, हा धोका थोड्या पैशांच्या बचतीसाठी पत्करू नये, असे मला मनापासून वाटते. पूर्ण थ्रॉटल बॉडी सुचवली गेली त्याचे कारण बहुधा असे असावे की काही गाड्यांना सेन्सर सुटा मिळत नाही. आपल्या गाडीसारख्या केबलच्या गाड्यांत तो सहसा दोन स्क्रूंवर बसवलेला असतो आणि सुटा मिळतो. त्यामुळे सुट्या भागांच्या दुकानात गाडीचा चॅसी नंबर आणि जुन्या सेन्सरवरील छापील नंबर दोन्ही दाखवून चौकशी करावी.

बदलताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावे आणि जुना सेन्सर सोडवण्याआधी तो कोणत्या कोनात बसला आहे याची खूण पेनने करून घ्यावी. खरी अडचण त्या दोन स्क्रूंची असते. वीस वर्षे ते अ‍ॅल्युमिनियममध्ये बसून राहिलेले असतात आणि त्यांचे माथे मऊ असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडावा, खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि फिरवण्यापूर्वी त्याच्या मुठीवर हातोडीचा एक बेताचा ठोका द्यावा. माथा एकदा गुळगुळीत झाला की दहा मिनिटांचे काम दिवसभराचे होते. नवा सेन्सर दांड्याच्या चपट्या टोकावर बसवला की बहुतेक गाड्यांत स्क्रूंची भोके लगेच जुळत नाहीत. आतील स्प्रिंगचा किंचित ताण घेत सेन्सर फिरवल्यावर ती जुळतात. ताण अजिबात लागला नाही, तर टोक चुकीच्या बाजूला बसले आहे असे समजून सेन्सर पुन्हा काढावा. स्क्रू आवळून तो जागेवर ओढण्याचा प्रयत्न केला तर नवा कोरा सेन्सर तडकतो.

काही सेन्सरना लांबट भोके असतात आणि ते थोडे फिरवून जुळवता येतात. तसे असेल तर मीटर जोडून, चकती मिटलेली असताना सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले व्होल्टेज येईल अशा जागी सेन्सर ठेवून स्क्रू आवळावेत. चकतीला टेकण देणारा जो लहान स्क्रू असतो, ज्यावर कारखान्यात रंगाचा ठिपका दिलेला असतो, त्याला हात लावू नये. आयडलिंग वाढवण्यासाठी तो फिरवला की सेन्सरचा मूळ आकडाच हलतो आणि मग नव्या सेन्सरसहही गाडी नीट चालत नाही. काम झाल्यावर बॅटरी जोडून, एसी आणि दिवे बंद ठेवून, रेडिएटरचा पंखा एकदा लागेपर्यंत इंजिन तसेच चालू द्यावे, म्हणजे इसीएम आयडलिंगचा हिशेब नव्याने बसवतो.

त्याच वेळी थ्रॉटल बॉडीतील काजळीही साफ करून घ्यावी, मात्र क्लीनर फडक्यावर मारून पुसावे. दांड्याच्या टोकांवर थेट फवारले तर ते झिरपून सेन्सरमध्ये जाते, आणि सर्व्हिसिंगनंतर आठ दिवसांत सेन्सर बिघडल्याच्या तक्रारी मी यापायी पाहिल्या आहेत. सेन्सर येईपर्यंत घाटात ओव्हरटेक टाळावे. मध्येच फार त्रास झाला तर चावी बंद करून सेन्सरचा कपलर काढून ठेवल्यास बऱ्याच गाड्यांत इसीएम स्वतःचा एक ठोकळ आकडा धरून गाडी चालवतो. गाडी मंद चालेल आणि चेक लाइट लागलेला राहील, पण झटके थांबतील आणि आपण घरी पोहोचाल.

प्रश्न : आमची २००८ सालची मोटार ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीत गावभागात बॉनेटपर्यंत पाण्यात होती. तेव्हा इंजिनचे आणि आतील सर्व काम करून घेतले आणि दोन वर्षे गाडी छान चालली. त्यानंतर मात्र पावसाळा आला किंवा गाडी धुतली की चेक लाइट लागतो आणि आयडलिंग वाढते. इसीएमने नोंदवलेले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर दर वेळी थ्रॉटल सेन्सरचा कोड येतो. दोनदा नवा सेन्सर बसवला. दोन्ही वेळा आठ-पंधरा दिवस गाडी उत्तम चालली आणि मग पुन्हा तेच. नवे सेन्सरच खराब निघत आहेत का?
(एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : ताई, दोन्ही सेन्सर बहुधा चांगले असावेत. आठ-पंधरा दिवसांच्या बरेपणामुळेच आपली दिशाभूल झाली आहे. सेन्सर बदलताना कपलर काढून पुन्हा लावला जातो आणि त्या घर्षणाने पिनांवरचा गंज खरवडला जाऊन संपर्क काही दिवस सुधारतो. श्रेय नव्या सेन्सरला मिळते आणि दोष जागच्या जागी राहतो. मीही पूर्वी यात फसलो आहे. अशाच एका पुरातल्या गाडीचा सेन्सर मी न मोजता बदलला होता आणि ती गाडी महिन्याच्या आत परत आली. तेव्हा कपलरमागची वायर सोलून पाहिली, तर बाहेरून रंग कोरा होता आणि आतील तांबे दोन इंचांपर्यंत काळे पडून हाताने चुरगळत होते. कंदिलाच्या वातीतून तेल चढते तसे पुराचे पाणी वायरीच्या बारीक तारांमधून आत चढते आणि तिथे वर्षानुवर्षे गंज चालू राहतो.

आपल्या मिस्त्रींना तीन गोष्टी करायला सांगाव्यात. पहिली, चावी ‘ऑन’ असताना सेन्सरच्या अर्थिंगच्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचे व्होल्टेज मोजावे. ते ०.१ व्होल्टच्या आत असावे. समजा ते ०.३ आले, तर सिग्नलचा आकडाही जवळजवळ तेवढाच वर सरकतो, पेडल किंचित दाबलेले आहे असा इसीएमचा समज होतो आणि आयडलिंग वाढते. आपले लक्षण नेमके हेच आहे. दुसरी, ५ व्होल्टचा पुरवठा पूर्ण येतो का ते पाहावे. बऱ्याच गाड्यांत हाच पुरवठा हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरलाही जातो आणि त्याच्या वायरिंगमध्ये ओल असली तरी थ्रॉटल सेन्सर बदनाम होतो. तिसरी, कोडचा आकडा नीट वाचावा. पी ०१२२ म्हणजे सिग्नल फार कमी, ज्यामागे बहुधा पुरवठ्याची किंवा सिग्नलची वायर तुटलेली असते. पी ०१२३ म्हणजे सिग्नल फार जास्त, आणि त्यात पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. ‘थ्रॉटल सेन्सरचा कोड’ एवढेच सांगितले जाते तेव्हा निदानाची ही अर्धी वाट वाया जाते. कोड सर्किटचा दोष सांगतो, सुटा भाग बदला असे सांगत नाही.

दोष वायरीत निघाला तर कपलर आणि त्यामागची वायर चकचकीत तांबे लागेपर्यंत कापून टाकावी, नवा कपलर वायरींसह जोडावा, प्रत्येक जोड सोल्डर करून त्यावर गरम करून आवळणारी नळी चढवावी आणि ती वायर खाली लोंबणार नाही अशी बांधावी. केवळ टेप गुंडाळलेला जोड एक पावसाळाही टिकत नाही. इंजिनवर अर्थिंगची जाड वायर जिथे बोल्टने आवळलेली असते तो बोल्टही सोडवून खालचा धातू घासून घ्यावा, कारण पुरानंतर तिथे हमखास गंज धरतो आणि वरून तो दिसत नाही. आत्ता काढून ठेवलेला सेन्सर टाकून देऊ नये. तो मोजून चांगला निघाला तर पुढे उपयोगी पडेल.

प्रश्न : माझी गाडी २०१६ सालची असून तिला अ‍ॅक्सिलरेटरची केबल नाही. गाडी अचानक ताकद सोडते आणि चाळीसच्या पुढे जात नाही. चावी बंद करून पुन्हा सुरू केली की ठीक होते. जुन्या बाजारात थ्रॉटलचा सेन्सर स्वस्त मिळतो आहे. तो घ्यावा का?
(एक तरुण वाचक, कराड)

उत्तर : घेऊ नये. आपल्या गाडीत थ्रॉटलची चकती मोटरने फिरते आणि तिच्या जागेची खबर एकाऐवजी दोन सेन्सर देतात. दोघांची साक्ष जुळली नाही की इसीएम सुरक्षिततेसाठी ताकद मर्यादित करतो, तीच ही चाळीसची मर्यादा. हे सेन्सर सहसा थ्रॉटल बॉडीच्या झाकणातच बसवलेले असतात आणि मोटरबरोबर कारखान्यात जुळवलेले असतात, त्यामुळे दोष तिथे असेल तर पूर्ण थ्रॉटल बॉडीच बदलावी लागते. मात्र अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवरही अशीच सेन्सरची दुसरी जोडी असते आणि तिच्या बिघाडातही गाडी नेमकी अशीच वागते. पेडल सुटे मिळते आणि ते थ्रॉटल बॉडीपेक्षा सहसा स्वस्त असते. म्हणून स्कॅनरवर पेडलचे दोन्ही आकडे आणि थ्रॉटलचे दोन्ही आकडे एकत्र पाहून कोणत्या जोडीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत हे ठरल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. चकती साफ करायची असेल तर चावी बंद ठेवावी, चकती बोटाने रेटून उघडू नये, आणि साफ केल्यावर किंवा नवी थ्रॉटल बॉडी बसवल्यावर स्कॅनरने तिचे ‘लर्निंग’ करून घ्यावे, म्हणजे इसीएमला चकतीची जागा नव्याने शिकवावी, अन्यथा पहिल्याच चौकात थांबल्यावर गाडी बंद पडू शकते.